कास्कोर्रोच्या उतारावर जेवताना

रविवार टाळा. रविवारी माद्रिदच्या या भागात एल रास्त्रोचा जुना बाजार भरतो आणि उतारावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मधला कुठलाही वार चालेल. वेळ मात्र दुपारी अडीच-तीनची, कारण स्पेनमध्ये जेवायची वेळ तीच. आपल्या पोटाला ती वामकुक्षीची वाटेल, म्हणून सकाळचा नाश्ता जरा दमदार करून ठेवा. भूक असावी, पण भुकेने जीव कासावीस होऊ नये. हे जेवण घासाघासावर मनन करत जेवायचं आहे, आणि पोटात आगडोंब उसळलेला असताना मनन होत नाही. पोट तुडुंब असतानाही होत नाही.

जेवायच्या आधी पाच मिनिटं प्लासा दे कास्कोर्रो या चौकात उभे राहा. मधोमध उंच चौथऱ्यावर एक सैनिक आहे. सहज नजर टाकली तर युरोपातल्या कुठल्याही शहरातला कुठलाही पुतळा वाटेल. नीट बघा. खांद्याला बंदूक, बगलेत रॉकेलचा डबा, हातात पलिता, आणि अंगाला बांधलेला दोर. बंदूक इतर पुतळ्यांकडेही असते. नजर दोरावर ठेवा.

हा एलॉय गोन्सालो. 1868 मध्ये माद्रिदच्या अनाथालयात सोडून दिलेलं मूल. मोठा होऊन सैन्यात गेला, आणि 1896 मध्ये क्युबातल्या कास्कोर्रो नावाच्या लहानशा गावात त्याची तुकडी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्युबन लोकांच्या वेढ्यात सापडली. समोरच्या एका घरातून गोळ्या येत होत्या. ते घर पेटवायला कुणीतरी जायला हवं होतं. हा म्हणाला, मी जातो, पण मला दोर बांधा, मेलो तर प्रेत तेवढं ओढून घ्या. घर पेटलं, हा जिवंत परत आला, आणि पुढच्याच वर्षी मातान्सासच्या लष्करी इस्पितळात आजाराने गेला. ज्याला जन्मल्यावर कुणी जवळ ठेवलं नाही, त्याला मेल्यावर तरी आपल्या माणसांत यायचं होतं. दोराचा अर्थ एवढाच असावा, असं मला वाटतं.

तेव्हा क्युबाला कोण जात होतं, तेही मनात येऊ द्या. 2000 पेसेता भरले की परमुलखातली लष्करी चाकरी टळत असे. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते, ते गेले. बहुतेकांना गोळी लागलीच नाही, पीतज्वराने आणि हगवणीने नेलं. आणि दुसऱ्या बाजूला त्याच काळात स्पॅनिश जनरल वेलरच्या हुकुमाने क्युबातल्या खेडुतांना गावंच्या गावं उठवून तारेच्या आणि खंदकांच्या आड कोंडलं जात होतं, म्हणजे बंडखोरांना कुणी दाणापाणी देऊ नये. त्या कोंडवाड्यांत लाखाच्या वर माणसं भुकेने आणि रोगाने मेली. त्यांचा पुतळा या चौकात नाही.

1902 मध्ये हा पुतळा उभा राहिला तेव्हा क्युबा स्पेनच्या हातून जाऊन चार वर्षं झाली होती. आजही स्पेनमध्ये कुणाची बस चुकली, कुणाचं पाकीट हरवलं, की दुसरा सांत्वन करतो: क्युबात याहून जास्त गमावलं होतं. आपणही पानिपताचं नाव काढतो, पण इतक्या हलक्या हाताने नाही.

आता उतरा. हा उतार लावापिएस वस्तीकडे जातो. वाटेत बांगलादेशी वाण्यांची दुकानं लागतील. दारात हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या, आणि त्याच टोपल्यांशेजारी हिरवी लांबुडकी केळी, मेण चोपडलेली काळपट कंदमुळं. सिल्हेटच्या माणसाकडून हवानाचा माणूस भाजी घेतो, आणि दोघांचा व्यवहार स्पॅनिशमध्ये होतो. इथे थांबू नका, फक्त पाहून पुढे चला.

जिथे जेवायचं त्या क्युबन रेस्टॉरंटचं नाव सांगत नाही. अशी बरीच आहेत, काही बंद पडतात, काही नव्याने उघडतात, आणि ताट साधारण तेच असतं. सात-आठ टेबलं, आत एक अरुंद स्वयंपाकघर, छताला पंखा. भिंतीवर चे गेव्हारा असेल. अल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 रोजी हवानामध्ये एका शोकसभेत टिपलेला तो चेहरा, ज्याचं पुढे टी-शर्टवर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या अमेरिकन मोटारींची चित्रं असतील, आणि स्पीकरवर ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ असेलच. 1997 पासून युरोपातल्या क्युबन हॉटेलांची त्या अल्बमपासून सुटका झालेली नाही. ही सजावट मला जेवणाच्या आड येणारी वाटते. बेट सोडून आलेल्या कितीतरी जणांना तो भिंतीवरचा चेहरा डोळ्यांसमोर नकोसा असतो, तरी तो लावलेला असतो, कारण गिऱ्हाईक त्याला बघून आत शिरतं. दोष मालकाला देण्यात अर्थ नाही. एकदा सगळं मनसोक्त बघून घ्या, म्हणजे नजर पुन्हा तिकडे धावणार नाही. मग ती टेबलावर आणा.

पाणी मागवा. मोहितो आत्ता नको. पुदिना, लिंबू, साखर आणि रम एकदम जिभेवर गेली की पुढचा अर्धा तास जीभ दुसरं काही ऐकत नाही.

वाढायला येणारी बाई तुम्हाला बहुधा ‘मी आमोर’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या’, म्हणेल. यात लाजण्यासारखं काही नाही. ती सगळ्यांनाच तसं म्हणते, सत्तरीच्या गृहस्थालाही. मागवायचं ते इतकंच: काळे घेवडे, पांढरा भात, युका कोन मोहो, पिकलेल्या केळ्यांचे तळलेले काप, आणि ज्यांना गोमांस चालतं त्यांच्यासाठी ‘रोपा व्हिएहा’. चालत नसेल तर अडत नाही, हे मनन मांसावर बेतलेलं नाही. मात्र शाकाहारी माणसाने घेवड्यात डुकराचा तुकडा किंवा चरबी घातली आहे का, ते आधीच विचारून घ्यावं. क्युबन स्वयंपाकात तिला मांस न मानण्याचा प्रघात आहे.

ताट येईल. लगेच चमचा उचलू नका. चित्राहुती घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नुसतं बघा.

आधी काळे घेवडे. खोलगट वाटीत, जवळजवळ शाईच्या रंगाचा दाट रस, वर तेलाचा पातळ तवंग. वाटी नाकाशी आणा. पहिला वास जिऱ्याचा येईल. तो इतका ओळखीचा आहे की क्षणभर आपण कुठे आहोत याचा गोंधळ होतो. त्या गोंधळात थोडं थांबा. जिरं इथून तिथे गेलं. अंदालुसियात अरबी राजवटीत ते स्वयंपाकात मुरलं आणि स्पॅनिश जहाजांतून कॅरिबियनमध्ये उतरलं. दुसरा वास लसणाचा आणि हिरव्या ढोबळ्या मिरचीचा. तिसरा तमालपत्राचा, पण तो सावकाश येतो. अगदी शेवटी नाकात एक आंबटसर झणका जाणवेल. तो उतरवताना घातलेल्या चमचाभर व्हिनेगरचा. ज्यांच्या घरी पद्धत आहे ते चिमूटभर साखरही टाकतात.

आपला हात आपोआप भात कालवायला जाईल. त्याला थोडा वेळ धरून ठेवा. पहिला चमचा नुसत्या रसाचा. दुसरा नुसत्या भाताचा. भात मोकळा, थोडं तेल आणि लसूण लावलेला असतो, आणि त्याला स्वतःची अशी फारशी चव नसते. तिसरा चमचा दोन्हींचा. एकत्र शिजवले तर क्युबाच्या पश्चिमेकडे या भाताला ‘मोरोस ई क्रिस्तियानोस’ म्हणतात, म्हणजे काळे मूर आणि गोरे ख्रिस्ती. स्पेनमध्ये ज्यांची सात-आठशे वर्षं लढाई चालली, ते क्युबात एका पातेल्यात शिजले. पूर्वेकडे, सांतियागोच्या बाजूला, काळ्याऐवजी लाल घेवडे घेतात आणि त्याला ‘कोंग्री’ म्हणतात. वाटी पाहून बाई बेटाच्या कुठल्या टोकाची असावी याचा अंदाज बांधता येतो. अर्थात माद्रिदमध्ये गिऱ्हाइकाला काळे हवे असतात, म्हणून सांतियागोची बाईही काळेच शिजवते.

आता हा घास चावत असताना तो कुणाकुणाच्या हातून आला, ते एकेक करून येऊ द्या. घेवडा अमेरिकेतलाच. भात आशियातला, स्पेनमार्गे गेलेला. आणि रोज भात-घेवडा खाऊन उसाच्या शेतात राबणारे आफ्रिकेतले. गुलामांच्या व्यापारात सात-आठ लाख माणसं जहाजात घालून या एका बेटावर उतरवली गेली. तिथे गुलामी कायद्याने संपली ती 1886 मध्ये, म्हणजे आपल्याकडे काँग्रेसची स्थापना झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. इतकं अलीकडे. त्याआधी, गुलामांचा पुरवठा आटणार हे दिसू लागल्यावर, 1847 ते 1874 या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर करारावर आणले. करार आठ वर्षांचा, वागणूक गुलामाची. आजच्या क्युबन घरात दोन वेळा भात लागतो, त्याला या चिनी ताटाचाही हातभार आहे.

फेर्नांदो ओर्तिस या क्युबन मानववंशशास्त्रज्ञाने 1939 मध्ये हवाना विद्यापीठातल्या व्याख्यानात आपल्या देशाला ‘आहियाको’ म्हटलं होतं. आहियाको म्हणजे चुलीवर कायम उकळत असलेला रस्सा, ज्यात येणारा प्रत्येक जण आपलं काही टाकतो. मत चांगलं आहे, आणि फार वेळा उद्धृत झालं आहे. मला त्यात एकच गोष्ट खटकते. काही जण त्या पातेल्याजवळ आपल्या पायांनी आले नव्हते.

बाईंना एक प्रश्न विचारा: घेवडे आजचे की कालचे? तिचा चेहरा खुलेल. कालचे असतील तर चांगलं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मंद आचेवर आटवलेल्या घेवड्यांना तिच्या भाषेत ‘झोपलेले’ म्हणतात, आणि ते जास्त चवदार लागतात.

पुढे युका. पांढरी, लांबट, उकडून मऊ झालेली फोड, मधून एक दोरीसारखी शीर गेलेली. ती शीर खायची नसते, काढून बाजूला ठेवा. वर मोहो ओतलेला असतो. लसूण बारीक ठेचून, त्यावर कडकडीत तापवलेलं तेल किंवा चरबी, आणि आंबट संत्र्याचा रस. क्युबात ही संत्री अंगणात असतात. माद्रिदमध्ये स्वयंपाकी बहुधा साधं संत्रं आणि लिंबू मिसळून वेळ मारून नेतो. गंमत अशी की त्याच आंबट संत्र्यांची झाडं सेव्हिलच्या रस्त्यारस्त्यांवर आहेत आणि बागांमधला माल मुरंब्यासाठी इंग्लंडला जातो.

फोड तोंडात घ्या आणि चावायच्या आधी जिभेने दाबा. पिठूळ, किंचित चिकट, मागे एक धाग्याधाग्याचा पोत. ओळख पटते का पाहा. बहुतेकांना पटत नाही, मलाही सांगितल्याशिवाय पटली नसती. ही साबुदाण्याची आई आहे. आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो, आता मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे. पोर्तुगीजांबरोबर हा कंद अमेरिकेतून आपल्या किनाऱ्याला लागला, आणि पुढे एकादशीच्या ताटात जाऊन बसला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळे त्याच दिशेने आलेले सोबती. उपासाला परकं काही चालत नाही म्हणणाऱ्या आजीला हे सांगू नये.

पण साबुदाण्यावर मन रेंगाळू देऊ नका, ते तिकडे सुखाने रमेल. ते परत युकावर आणा. स्पॅनिश लोक येण्याआधी क्युबात हे पीक ताइनो लोकांचं होतं. कडू जातीच्या युकात विष असतं. ताइनो बायका कंद किसून, विणलेल्या लांब नळीत भरून, पिळून विषारी रस काढून टाकत, आणि उरलेल्या चोथ्याची तव्यावर भाकरी भाजत. ती भाकरी, कासाबे, महिनोनमहिने टिकते. 1519 मध्ये कोर्तेस क्युबाहून मेक्सिको जिंकायला निघाला तेव्हा त्याच्या जहाजांच्या शिदोरीत हीच होती. ज्यांनी ही युक्ती शोधली, ते ताइनो कोर्तेसच्या पिढीतच साथी, सक्तीची मजुरी आणि कत्तली यांनी जवळजवळ नाहीसे झाले. भाकरी टिकली. 2024 मध्ये युनेस्कोने क्युबा, हैती, डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि व्हेनेझुएला या पाच देशांचा वारसा म्हणून तिची नोंद केली.

इथे एक विश्रांती. चमचा खाली ठेवा. श्वास मोजू नका, फक्त आजूबाजूचं ऐका. शेजारच्या टेबलावर एखादं स्पॅनिश कुटुंब असेल, आणि त्यांच्यातल्या मुलाला ‘आरोस आ ला कुबाना’ हवा असेल. पांढरा भात, त्यावर टोमॅटोची चटणीवजा ग्रेव्ही, वर तळलेलं अंडं, कधी सोबत केळं. स्पेनमधल्या शाळांतल्या जेवणापासून रस्त्यावरच्या थाळीपर्यंत हा पदार्थ सगळीकडे आहे, आणि त्याचं नाव ‘क्युबन पद्धतीचा भात’. क्युबात भातावर अंडं खातात, केळंही खातात, पण हा टोमॅटो त्यांच्या ओळखीचा नाही. बाई त्या मुलाला तो आणून देते की हसून नाही म्हणते, हे हॉटेलागणिक वेगळं. मी दोन्ही पाहिलं आहे. आणून देणारी मला जास्त आवडली.

आता रोपा व्हिएहा, म्हणजे शब्दशः जुने कपडे. गाईच्या पोटाकडचं मांस आधी नुसतं उकडतात. मग आडवं कापत नाहीत, हाताने उभं सोलतात, धागा धागा वेगळा करतात. हे धागे कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, जिरं आणि थोड्या वाइनमध्ये पुन्हा शिजतात. काट्याने एकच धागा उचला. तो बोटभर लांब, लालसर, तेलाने चकचकीत असेल. याचा पूर्वज स्पेनमधलाच. कालच्या रश्श्यातलं उरलेलं मांस संपवायची युक्ती, जी कॅनरी बेटांवर अजूनही हरभऱ्यांसोबत करतात. म्हणजे हा पदार्थ माद्रिदला एका अर्थाने माहेरी आला आहे.

त्या धाग्याशी थोडं थांबायचं आहे. ज्या बेटाचं नाव या पदार्थाला चिकटलं, तिथे तो मिळणं कठीण. क्युबात 1962 पासून शिधापुस्तिका आहे, ‘लिब्रेता’. त्याच दशकापासून गाईगुरं कापण्यावर इतकी कडक बंधनं आली की पाळणाऱ्याला स्वतःची गायसुद्धा सरकारी परवानगीशिवाय कापता येत नसे. कापली तर तुरुंग, तोही काही वर्षांचा. 2021 मध्ये नियम थोडे सैल झाले, पण तोवर गुरंच रोडावली होती. आपल्याकडे गाय न कापण्यामागे श्रद्धा आणि राजकारण आहे. तिथे कारण वेगळं, दूध आणि मांस दोन्ही सरकारच्या हातात ठेवण्याचं. ताटात न येणारं मांस मात्र सारखंच.

1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, आणि तिथून क्युबाला येणारं तेल, धान्य, खत, सगळं एका झटक्यात थांबलं. सरकारने त्याला ‘विशेष काळ’ असं गुळगुळीत नाव दिलं. लोक वाळले. पपनसाच्या जातीच्या फळाची जाड पांढरी साल मसाला लावून, पाव चोपडून, स्टेक म्हणून तळली. केळ्याच्या सालीचा खिमा केला. नित्सा व्हिलापोल नावाच्या बाई चार दशकांहून अधिक काळ क्युबन टीव्हीवर स्वयंपाक शिकवत होत्या. त्यांनी एके ठिकाणी लिहिलं आहे की मी फक्त प्रश्न उलटा केला, अमुक पदार्थाला काय काय लागतं हे विचारायच्या ऐवजी, जे आहे त्यातून काय होईल हे विचारायला लागले. जगभरातल्या पाककृतींच्या पुस्तकांत याहून प्रामाणिक वाक्य मला आढळलेलं नाही. त्यांचं पुस्तक बेटावरच्या घरांत होतं, आणि बेट सोडून गेलेल्यांच्या घरांतही.

याच काळात लोकांनी घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून जेवण विकायला सुरुवात केली. सरकारने आधी डोळेझाक केली, मग 1995 मध्ये परवानगी दिली: खुर्च्या बारा, त्यापलीकडे एकही नाही. गोमांस आणि लॉबस्टर विकायचे नाहीत. या घरगुती खानावळींना ‘पालादार’ म्हणतात. नाव आलं ‘व्हाले तुदो’ या ब्राझिलियन मालिकेवरून, जिच्यातली नायिका किनाऱ्यावर खाद्यपदार्थ विकता विकता त्या नावाची हॉटेलं काढते. देश उपाशी होता आणि संध्याकाळी टीव्हीवर ती बाई श्रीमंत होत होती.

आता आतल्या स्वयंपाकघराकडे बघा. तिथली स्वयंपाकी तीस-पस्तिशीची असेल तर तिचा जन्म त्या विशेष काळातला, किंवा जरा अलीकडे-पलीकडे. तिने रोपा व्हिएहा लहानपणी कितीदा खाल्ली असेल? सणासुदीला कुणी चोरून आणलेलं मांस, आवाज न करता, खिडक्या लावून शिजवलेलं? की फक्त आजीच्या तोंडून ऐकलेली, की पूर्वी असं करत? हा पदार्थ तिने माद्रिदला आल्यावरच पहिल्यांदा पोटभर खाल्ला असण्याची शक्यता बरीच आहे. परदेशातलं मराठी घर पुरणपोळी करतं ते खाल्लेल्या चवीच्या मागे धावत. इथे चव आजीची आहे, नातीने ती नुसती ऐकली आहे, आणि हात नातीचा आहे.

म्हणून ‘हे अस्सल आहे का?’ हा प्रश्न मनात आला तर त्याला जरा बसवून ठेवा. कशाशी ताडून पाहायचं? हवानातल्या साध्या घरात आज जे शिजतं, त्याच्याशी ताडलं तर हे ताट खोटं आहे, कारण ते भरलेलं आहे. क्रांतीआधीच्या, 1958 च्या हवानाशी ताडलं, तर त्या शहरातही हे ताट सगळ्यांना मिळत नव्हतं. मला असं दिसतं की हा स्वयंपाक कुठल्याच एका जागी पूर्ण नव्हता. बेटावर हात होते, जिन्नस नव्हते. इथे जिन्नस आहेत, आणि ज्यांना हे खाऊ घालायचं ती माणसं तिकडे आहेत. तुम्ही आणि मी त्यांच्या जागी बसलो आहोत, इतकंच.

यावर हळहळ वाटेल. वाटली तरी तिच्यात फार वेळ राहू नका, कारण ही हळहळ स्वस्त असते आणि जेवणाऱ्याला उगाच चांगलं वाटायला लावते. ती बाई तुमच्या कणवेवर जगत नाही. ती बारा-चौदा युरोला एक ताट विकते, भाडं भरते, आणि महिन्याच्या शेवटी तिकडे औषधं आणि पैसे पाठवते. ताट गरम आहे तोवर खा.

बाईंना कुठल्या गावच्या म्हणून विचारायला हरकत नाही, क्युबन माणूस आनंदाने सांगतो, आणि गावाबरोबर तिथला बेसबॉल संघही सांगतो. ‘परत जाता का?’ हे मात्र दुपारच्या गर्दीत विचारू नये. 2021 च्या अखेरीपासून 2023 च्या अखेरीपर्यंत, दोनच वर्षांत, क्युबाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिकने घटली. हा तिथल्या सरकारचाच आकडा, आणि त्याआधीची एकूण वस्ती एक कोटी अकरा लाखांच्या आसपास. बहुतेक जण अमेरिकेला गेले. स्पेनला येणाऱ्यांतल्या अनेकांच्या खिशात आजोबांचा जन्मदाखला असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरून गरिबीला कंटाळून लोक क्युबाला जात. फिदेल कास्त्रोचे वडील गालिसियातल्या लुगो प्रांतातले, आणि ते पहिल्यांदा क्युबाला गेले ते स्पेनचे शिपाई म्हणून, एलॉय गोन्सालोच्याच युद्धात. स्पेनने 2007 आणि 2022 मध्ये केलेल्या कायद्यांनी अशा स्थलांतरितांच्या नातवंडांना नागरिकत्वाची वाट उघडली. आजोबा भुकेपोटी तिकडे गेले, नातू भुकेपोटी इकडे आला, आणि दोघांना मध्ये तोच समुद्र लागला.

केळ्याचे काप आता खा. हे पिकून साल काळी पडलेल्या केळ्यांचे, कडेने करपट, आत जॅमसारखे. यावर मनन नको. गोड आहे, खाऊन टाका.

कॉफी. घरच्यासारखी करणारी जागा असेल तर बाई आधी कपात साखर घालेल, किटलीतून आलेले कॉफीचे पहिले, सगळ्यात दाट थेंब त्यावर टाकेल, आणि चमच्याने घोटत राहील. साखर आधी तपकिरी, मग बदामी, मग फेसाळ होते. वर उरलेली कॉफी ओतली की हा फेस तरंगून वर येतो. क्युबात शिध्याच्या कॉफीत भाजलेला वाटाणा दळून मिसळलेला असतो. तिथून नुकताच आलेला माणूस शुद्ध कॉफी प्यायला की म्हणतो, काहीतरी कमी आहे. इतका वेळ कुणाला नसेल तर मशीनची कॉफी येईल, आणि बशीत साखरेची एक कागदी पुडी.

ती पुडी हातात घ्या आणि उघडण्याआधी जरा फिरवून बघा. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला साखरेचं राजकारण शिकवायची गरज नाही, म्हणून थोडक्यात. 1791 मध्ये हैतीतल्या गुलामांनी उठाव केला, तिथले मळे जळाले, आणि ती मागणी क्युबाने उचलली. पुढचं शतकभर बेटाचं जंगल तोडून ऊस लागला. क्रांतीनंतरही ऊसच. 1970 मध्ये फिदेल कास्त्रोने एक कोटी टन साखरेचा पण केला, हवानातल्या कारकुनांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे कोयते घेऊन फडात उतरले, आणि साडेपंच्याऐंशी लाख टनांच्या आसपास गाडी थांबली. विक्रम झाला आणि पण मोडला. 2002 मध्ये जवळपास निम्मे कारखाने बंद केले. अलीकडे तर घरच्या गरजेइतकीही साखर होत नाही. क्युबा साखर बाहेरून आणतो.

आणि स्पेन? 1898 मध्ये क्युबा गेला, तशी स्वस्त क्युबन साखरही गेली. मग इथे बिटाच्या साखरेचे कारखाने भराभर उभे राहिले, आणि आजही कास्तियाच्या पठारावर, वायादोलिदच्या बाजूला, बीट पिकतं आणि त्याची साखर होते. तुमच्या बोटांत जी पुडी आहे, ती बहुधा त्या बिटाची. क्युबन कॉफीत घालायला.

अर्धी घालून उरलेली ठेवून देऊ नका, क्युबन कॉफी तशी पीत नाहीत. पूर्ण पुडी घाला, दुसरी मागितली तरी बाई चकित होणार नाही. मग ‘ला क्वेंता’ म्हणून बिल मागा. कार्ड चालतं, टिप मात्र रोख ठेवा, आणि टेबल लवकर सोडा. साडेचारला स्वयंपाकघर बंद होतं, आणि तेव्हाच आतली माणसं जेवायला बसतात.